बाबांसाठी वेगळं

नाताळच्या सुट्टीला सगळ्यांनी आमच्याकडे जमायचं, हे भावजयीनं ठरवलं. घरच्या ग्रुपवर तिचा मेसेज आला, "ताई, पंचवीसला तुमच्याकडे ब्रंच करू या का? सगळ्यांना सुट्टी आहे. बाबांनाही बरं वाटेल." खाली माझ्या भाचीचा नाचणारा अंगठा, भावाचं "डन", आणि गिरगावच्या आत्याचा प्रश्न, "ब्रंच म्हणजे नेमकं किती वाजता?"

मी "या" असं लिहिलं आणि फोन पालथा ठेवला. तेव्हा मी बाबांना दुपारचं जेवण देत होते आणि त्या वेळात फोनकडे बघायचं नाही असा मी स्वतःला नियम घालून घेतला होता.

गणपतीच्या पंधरा दिवस आधी बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय दुबळा झाला, बोलणं जड झालं. तीन महिन्यांत काठी घेऊन घरातल्या घरात चालू लागले, बोलणंही आम्हाला कळण्याइतपत सुधारलं. गिळणं मात्र सुधारलं नाही. पाण्याचा साधा घोट श्वासनलिकेत जाऊ शकत होता. गिळण्याचे व्यायाम शिकवायला एक थेरपिस्ट मुलगी आठवड्यातून दोनदा येत असे. तिनं मला सगळं समजावलं होतं. पातळ काही द्यायचं नाही, सुटं, कोरडं, भुगा होणारं द्यायचं नाही, पातळ रस्सा आणि त्यात दाणा असं एकत्र तर मुळीच नाही. सगळं एकसारखं मऊ हवं. पाण्यात आणि चहात एक पावडर मिसळून ते दाट करायचं. त्या पावडरीनं चहाची खळ होते आणि ती चमच्यानं खावी लागते. सत्तर वर्षं उकळता चहा बशीत ओतून पिणारा माणूस त्या चमच्याकडे कसा बघत असेल, ते मी रोज सकाळी आणि रोज चार वाजता पाहत होते.

शिवाय खोकला. सगळी काळजी घेऊनही दिवसातून एकदा तरी घास अडायचा आणि बाबा खोकून खोकून लाल व्हायचे. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, कधी घास बाहेर. आयुष्यभर कडक इस्त्रीचा शर्ट घालून कचेरीत गेलेले बाबा. ते आतल्या खोलीत खिडकीकडे तोंड करून जेवू लागले. कोणी आलं असेल तर जेवायचेच नाहीत. गेल्या महिन्यात भाऊ जेवणाच्या वेळेला आला, तर त्यांनी मला हातानं खूण केली, ताट झाक. तो जाईपर्यंत ताट झाकलेलंच राहिलं.

म्हणून पाहुण्यांचा बेत ठरवताना मी बाबांना त्यात धरलंच नव्हतं. त्यांना नऊ वाजता आत जेवू घालायचं, मग हवं तर बाहेर आणून बसवायचं, असं माझ्या मनात होतं.

बेतावर चार दिवस चर्चा झाली. भाऊ लोअर परळला टॉवरमध्ये राहतो, तिथल्या सवयीनं तो म्हणाला, "ताई, तू कशाला राबतेस? डोसे करणारा माणूस बोलवू. तवा, गॅस सगळं त्याचंच. तो गच्चीत उभा राहील, आपण खात बसू." आमच्या इमारतीच्या गच्चीला कुलूप असतं आणि किल्ली सेक्रेटरींकडे, तेव्हा ते तिथेच संपलं. भावजयीला अंड्याचे दोन प्रकार करून आणायचे होते. आत्याचा फोन आला. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, पण फोनवर पन्नाशीची वाटते.

"हे बघ, तू नोकरीत होतीस तेव्हा माफ होतं. आता निवृत्त होऊन दोन वर्षं झाली ना? मग घरचं कर. वालाचं बिरडं, सोड्याची खिचडी आणि तळलेले बोंबील. सकाळी अकराला वहिनी हेच करायची सुट्टीच्या दिवशी. त्याला तेव्हा कोणी ब्रंच म्हणत नव्हतं."

वहिनी म्हणजे माझी आई. तिला जाऊन आठ वर्षं झाली. आत्याचं खरं होतं. सुट्टीच्या दिवशी आई सकाळचा नाश्ता करायचीच नाही. चहा आणि बेकरीतले बटर देऊन सगळ्यांना अकरापर्यंत उपाशी ठेवायची, मग एकदम पान वाढायची. मी आत्याला हो म्हटलं.

रविवारी सकाळी मी वहीच्या पानावर यादी लिहून काढली. बिरडं. सोड्याची खिचडी. तळलेले बोंबील. पाव. भावजयीची अंडी. गोड काय ते ठरलं नव्हतं, तिथं प्रश्नचिन्ह. आणि सर्वांत खाली, "बाबांसाठी वेगळं : मऊ भात, मुगाचं वरण, दाट करून".

बाबा कचेरीत असताना त्यांच्या हाताखालची माणसं पत्रांचे मसुदे लिहीत आणि बाबा ते तपासत. मीही शाळेतला प्रत्येक निबंध त्यांना दाखवून मगच वहीत उतरवायचे. त्या सवयीनं म्हणा किंवा त्यांना काहीतरी विचारावं म्हणून म्हणा, मी यादी त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"बघा हो बाबा, काही राहिलंय का?"

त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ वाचत होते. मग डाव्या हातानं पेन्सिल मागितली. डाव्या हाताची त्यांना सवय नव्हती, रेघ वाकडीतिकडी आली, पण ती कशावर मारली होती ते स्पष्ट होतं. शेवटची ओळ त्यांनी खोडली होती. पूर्ण. एकदा मारून समाधान झालं नाही म्हणून पुन्हा उलटी मारली.

मला वाटलं, त्यांना सगळ्यांचं जेवण हवंय. तळलेले बोंबील, सुक्या कोळंबीचे सोडे.

"बाबा, तुम्हाला हे चालणार नाही. डॉक्टर काय म्हणाले आठवतंय ना?"

त्यांनी मान हलवली. त्यांना एकेक शब्द जुळवावा लागत होता. "नको. वेगळं नको."

"मग काय खाणार तुम्ही?"

"नाही खाणार." थोडं थांबून म्हणाले, "बसणार. सगळ्यांत. नुसता."

मी यादी उचलून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यापाशी उभी राहिले. तीन महिने त्यांना लोकांसमोर बसायचं नाही, असं मी धरून चालले होते. माणसांची लाज वाटते म्हणून. त्यांना लाज वाटत होती ती खोकल्याची, आणि त्याहून जास्त त्या वेगळ्या वाटीची. सगळ्यांपुढे पान आणि आपल्यापुढे लहान बाळाची वाटी. त्यापेक्षा ते उपाशी बसायला तयार होते.

मला आधी त्यांचा राग आला, ते खोटं कशाला सांगू? एवढं करते आणि वर माझ्याच ओळीवर काट. मग तासाभरानं, कणीक मळताना, वेगळा विचार आला. वेगळं नको ना? मग कोणासाठीच वेगळं नको. बाबांना जे खाता येईल तेच सगळ्यांनी खायचं.

सोमवारी थेरपिस्ट आली तेव्हा मी तिला नवी यादी दाखवली. तिनं ती परीक्षेचा पेपर तपासावा तशी तपासली. सोड्याची खिचडी बाद, कारण भात मोकळा आणि सोडे चिवट. त्याऐवजी मुगाच्या डाळीची आसट खिचडी, तूप घालून, घोटून. बिरडं चालेल, पण वाल पूर्ण शिजवून सगळे ठेचायचे आणि रस वेगळा सुटता कामा नये. बोंबील तळलेले नाहीत, दाट कालवणात. "काटा एकही नको हं," ती म्हणाली. "तुम्ही स्वतः हातानं बघायचं." भावजयीच्या अंड्यांपैकी दूध-लोणी घालून ढवळलेली मऊ अंडी चालणार होती. चहाऐवजी सगळ्यांनाच लाल भोपळ्याचं दाट सूप, कपातून. गोडाला मी निनाव सुचवलं. बेसन, गूळ आणि नारळाचं दूध आटवून वरखाली आच देऊन भाजायचं, आतून कापसासारखं मऊ होतं. तिला तो पदार्थ माहीत नव्हता. मी कृती सांगितली, तेव्हा म्हणाली, "वरची खरपूस साल काढून द्या. आणि मलाही थोडं ठेवा."

मग मी ग्रुपवर लिहिलं. सविस्तर लिहिलं. बाबा सगळ्यांबरोबर टेबलावर बसणार आहेत, म्हणून सगळ्यांना एकच जेवण असेल, मऊ असेल, पाव नसेल, कृपया बाहेरून काही आणू नये. भाचीनं लगेच हृदय पाठवलं. भावजयीनं लिहिलं, "अंडी मी तिथे येऊनच करते, म्हणजे मऊ राहतील." भावानं संध्याकाळी फोन केला.

"ताई, मी वाचलं. पण सगळ्यांनी आजाऱ्याचं जेवण जेवायचं, पंचवीस डिसेंबरला? बाबांनाच कसं वाटेल? आपल्यामुळे सगळ्यांची पंचाईत झाली असं नाही वाटणार?"

"त्यांना वेगळं नकोय."

"अगं, पण पोरगी बेंगळुरूहून येतेय चार दिवसांसाठी."

"तिनं हृदय पाठवलंय," मी म्हटलं आणि त्याला हसू आलं. विषय तिथंच राहिला.

आत्याची समजूत घालायला जास्त वेळ लागला. तिचा मऊ खिचडीला विरोध नव्हता, तिच्या दातांनाही ती बरीच होती. तिचं भांडण निनावाशी होतं. "निनाव श्रावणातलं. नाताळात निनाव करतात का कुठे?" शेवटी म्हणाली, "बरं, कर. पण वाल मी सोलणार. तुझ्या हातानं निम्मे चिरडतात."

तेवीस तारखेला सकाळी मी वाल भिजत घातले, संध्याकाळी उपसून फडक्यात बांधले. चोवीसला दुपारी आत्या टॅक्सीनं आली, रात्रीच्या मुक्कामाची पिशवी घेऊन. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकले आणि परात टेबलावर ठेवली. बाबा खुर्चीत बसले होते. आत्यानं काहीही न विचारता मूठभर वाल त्यांच्यापुढे ठेवले.

"घे दादा. रिकामा बसू नकोस."

मी म्हणणार होते की त्यांचा हात चालत नाही. पण वाल सोलायला एक अंगठा आणि एक बोट पुरतं. दाबलं की डाळिंबी सटकन बाहेर उडते. बाबांनी डाव्या हातानं पहिला दाबला तो उडून थेट आत्याच्या चष्म्यावर बसला. दुसरा परातीबाहेर गेला. पाचव्या-सहाव्यापासून ते नीट परातीत पडू लागले. दीड तास दोघं सोलत बसली. आत्या बोलत होती. त्यांच्या लहानपणच्या गिरगावातल्या घराबद्दल, समोरच्या बिऱ्हाडातल्या एका बाईबद्दल, जी वाल मोजून शेजारणीला उसने देत असे. बाबा मधूनच एखादा शब्द घालत. "निळं. लुगडं." आत्या म्हणाली, "हो रे, निळं लुगडं! कायम निळं." मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. तीन महिन्यांत बाबा कोणाशी इतके बोलले नव्हते.

पंचवीसला सकाळी सातला मी दादरच्या मासळी बाजारात गेले. माझ्या नेहमीच्या कोळिणीकडे बोंबील चांगले होते, ओले, चमकदार.

"मधला काटा काढून दे."

"तळायला?"

"नाही, कालवणाला."

तिनं कोयता थांबवला. "कालवणाच्या बोंबलाचा काटा कोण काढतं, ताई?"

"वडिलांना गिळता येत नाही."

मग ती प्रत्येक बोंबील उभा चिरून, काटा ओढून, वर पुन्हा बोट फिरवून बघत होती. घरी येऊन मीही एकेक तुकडा चाचपला. दोन बारीक काटे मिळालेच.

अकराला सगळे आले. भाची पुढे, तिच्यामागे भावजय अंड्यांचा ट्रे घेऊन आणि सगळ्यांत शेवटी भाऊ. त्याच्या हातात मोठं मातीचं भांडं, कणकेनं तोंड बंद केलेलं. बिर्याणी.

मी दारातच त्याच्याकडे पाहिलं.

"ताई, बाबांची आवडती आहे," तो म्हणाला. "म्हटलं, एक घास..."

भावजय हळूच म्हणाली, "मी नको म्हटलं होतं."

मी काही बोलणार तोच बाबांचा आवाज आला. काठी टेकत ते बाहेर आले होते, आत्यानं त्यांना इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. "असू दे," ते म्हणाले. "ठेव."

भांडं ओट्यावर गेलं. टेबलावर सगळ्यांना सारखी पानं वाढली. खिचडी, बिरडं, बोंबलाचं कालवण, अंडी, शेजारी कपात सूप. बाबांचं पान इतरांसारखंच होतं, फक्त चमचा छोटा. ते बसले. मान थोडी खाली, जसं शिकवलं होतं तसं. पहिला घास खिचडीचा, गिळला. पुन्हा एकदा कोरडंच गिळलं. दुसरा घास बिरड्याचा. मी माझं पान विसरून त्यांच्या गळ्याकडे पाहत होते. आत्यानं टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर चापट मारली. मी मान वळवून भाचीला तिच्या ऑफिसबद्दल विचारलं.

दहाएक मिनिटं छान गेली. बोंबील सगळ्यांना आवडले. भाची मला म्हणाली, "आत्या, यात काटेच नाहीत! मी पहिल्यांदाच बोंबील न घाबरता खातेय." भावानं तिसऱ्यांदा कालवण घेतलं. आणि मग बाबांना घास लागला. बिरड्यातली एक डाळिंबी अख्खी राहिली असावी, माझीच चूक.

खोकला सुरू झाला. मी उठून त्यांना पुढे वाकवलं. चेहरा लाल, डोळ्यांतून धारा, घास पानात पडला, पांढऱ्या शर्टावर पिवळा डाग. भाची चमचा हातात धरून बसून राहिली. भाऊ उभा राहिला होता, त्याची खुर्ची मागे पडली. "पाणी द्या, पाणी," तो ओरडला आणि पेला घेऊन पुढे आला.

"पाणी नाही!" मी म्हटलं. "पाणी अजिबात नाही. खोकू दे त्यांना."

तो पेला धरून तसाच थांबला.

आत्या मात्र जेवत होती. खरंच जेवत होती. एक घास घेऊन, नेहमीच्या आवाजात ती भाचीला म्हणाली, "तर मी काय सांगत होते, ती बाई दारात उभी राहून वाल मोजायची, आणि तुझे आजोबा जिन्यात बसून तिची नक्कल करायचे. एकदा तिनं पकडलं." भाचीनं घाबरत विचारलं, "मग?" "मग काय, कान पिरगाळला. आजही डावा कान मोठा आहे त्यांचा, बघ."

खोकला कमी झाला. मी त्यांचं तोंड पुसलं. मला वाटलं, आता खूण करतील, आत ने. मी काठी त्यांच्याजवळ सरकवलीही. बाबांनी काठीकडे पाहिलं, मग आत्याकडे, आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "उजवा."

"काय?"

"कान. उजवा."

आत्या हसली, तशी भाची हसली आणि भावजयीनं डोळ्याला पदर लावला. बाबांनी चमचा उचलला. बिरडं बाजूला सारून अंड्याचा घास घेतला. नंतर निनावही खाल्लं, साल काढलेलं, दोन तुकडे. चाळीस मिनिटं ते टेबलावर होते.

जेवणं झाल्यावर बिर्याणीही उघडली. पोरगी, भाऊ आणि आत्या, तिघांनी खाल्ली. माझी आसट खिचडी अर्धी उरली, ती मी रात्री संपवली. बाबा खुर्चीत ताठ बसून त्यांना खाताना बघत होते, जेवल्यावर अर्धा तास त्यांना आडवं व्हायचं नसतं. वास त्यांनाही येत असणार. त्यांनी मागितली नाही आणि भावानंही पुढे केली नाही.

मी भांडी घासायला घेतली तेव्हा भाऊ आत आला. फडकं घेऊन एकेक ताट पुसू लागला.

"रोज होतं असं?"

"रोज नाही. बहुतेक रोज."

"मला कोणी सांगितलं नाही."

"ग्रुपवर लिहिलं होतं मी. ऑक्टोबरात. एवढं मोठं."

"हो," तो म्हणाला. "वाचलं होतं मी." ताट पुसून झालं होतं तरी तो पुसतच होता. "मी त्यांना पाणी देणार होतो, ताई."

मला त्याच्यावर रागवायचं होतं, बिर्याणीसकट सगळ्यावर. पण त्यानं तेच ताट उलटं करून पुन्हा पुसायला घेतलं. लहानपणी सायकलवरून पडला की असाच आधी सायकल पुसत बसायचा आणि मग रडायचा. मी नळ बंद केला.

"पुढच्या रविवारी ये," मी म्हटलं. "सकाळी. कसं द्यायचं ते दाखवते. मग मीही जरा बाहेर जाईन."

"बाबांना चालेल? माझ्यासमोर?"

"त्यांनाच विचार."

तो बाहेर गेला. त्याचं बोलणं मला ऐकू आलं नाही, नळ पुन्हा सुरू केला होता. पण पुढच्या रविवारी तो साडेआठला आला, हात धुऊन बाबांसमोर स्टुलावर बसला आणि थेरपिस्टनं लिहून दिलेला कागद शेजारी ठेवून अर्धा तास त्यांना खिमटी भरवली. बाबा दोनदा खोकले. दुसऱ्यांदा त्यानं स्वतःच त्यांना पुढे वाकवलं. मी तेव्हा माटुंग्याला माझ्या जुन्या मैत्रिणीकडे होते, हे सगळं त्यानं मला फोनवर सांगितलं, घास मोजून.

बाबा आता बहुतेक दिवशी टेबलावर जेवतात. ज्या दिवशी खोकला फार होतो त्या दिवशी संध्याकाळी आतच बसतात, खिडकीकडे तोंड करून, आणि मी आग्रह करत नाही. दाट चहावर मात्र त्यांचा राग कायम आहे. काल त्यांनी चमचा कपात उभा करून दाखवला. तो पडला नाही.